सापडलेल्या कुत्र्याचा उद्धार कसा करावा

रस्त्याच्या कडेला एक कुत्रा दिसला. गळ्यात पट्टा नाही, बरगड्या मोजता येताहेत, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघतोय. बाकीचे निघून गेले, तुम्ही थांबलात. म्हणजे तुमचं मन मोठं आहे हे सिद्ध झालं, आता फक्त ते इतरांना कळायचं राहिलं. म्हणून पहिलं काम फोटोचं. फोटोत कुत्र्याच्या डोक्यावर तुमचा हात हवाच. अनोळखी माणसाचा हात वरून डोक्याकडे आला की घाबरलेला कुत्रा मान आखडतो, कान मागे पाडतो, ओठ चाटतो, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. तो हे सगळं सांगत असताना तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत राहा. यापुढचं तो दातांनी सांगतो, आणि ते कळायला फोटो लागत नाही.

तो पळाला तर मागे धावा. हाका मारा, सोबतच्या दोघांना दोन्ही बाजूंनी पाठवा. पाठलाग झाला की कुत्रा लांब पळतो, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कुत्र्यासाठी लांब म्हणजे बहुतेक वेळा रस्त्याच्या मधोमध. काही लोक भलतंच करतात. त्याच्याकडे कूस करून खाली बसतात, नजरेला नजर देत नाहीत, वास येणारं काहीतरी खाणं लांबवर टाकतात, पुढचा तुकडा जरा अलीकडे, त्याच्या पुढचा आणखी अलीकडे. यात अर्धा तास जातो, कधी दोन-तीन दिवस जातात, आणि व्हिडिओत काहीच घडत नाही. कुत्रा तेवढा हाती लागतो.

लागलाच हाती, तर घरातला एखादा जुना पट्टा सैलसर बांधा. बिचारा आधीच दुःखात, त्यात गळा कशाला आवळायचा? ज्याची मान डोक्याएवढीच जाड असते, असा कुत्रा चार पावलं मागे सरकतो, मुंडी खाली घालतो आणि पट्टा तुमच्या हातात ठेवून निघून जातो. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जेमतेम शिरावीत, असं जाणकार सांगतात. त्याहून शहाणे लोक दोरीच्या टोकाच्या कडीतून तीच दोरी ओवून फास करतात आणि तो कानांच्या लगेच मागे, मानेवर उंच ठेवतात. ओढला की आवळतो, ढील दिली की सुटतो. दिसायला अगदीच निर्दयी. तुम्ही सैल पट्ट्यावरच भर द्या.

आता मालकाचा प्रश्न. मालक नाहीच, किंवा असला तर तो नराधम आहे, हे तुम्ही बघताक्षणी ठरवलेलं आहे. त्यावर ठाम राहा. हडकलेला, केसांच्या गाठी झालेला, माणसाला बिचकणारा कुत्रा म्हणजे छळ करून टाकून दिलेला, हे उघडच आहे. मोठ्या आवाजाला घाबरून दार उघडं मिळताच पळालेला, दोन-तीन आठवडे भटकलेला घरचा कुत्राही असाच दिसतो. कधीकधी तर स्वतःच्या मालकाने हाक मारली तरी तो उलट्या दिशेला पळतो. पण ही माहिती गोष्टीचा रंग घालवते, सोडून द्या.

तरी कोणीतरी आगाऊ माणूस 'चिप बघितली का' असं विचारणारच. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने बसवलेली. तिच्यात बॅटरी नसते, जीपीएस नसतं. स्कॅनर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि एक क्रमांक सांगते, बहुतेक १५ अंकी. 'चिप असती तर मालकाला मोबाइलवर कुत्रा दिसला असता ना' हे उत्तर द्या आणि विषय संपवा. अगदीच नाइलाज झाला तर पशुवैद्याकडे न्या, स्कॅनर मानेवरून झपकन एकदा फिरवून घ्या आणि 'नाही' आलं की घरी या. वर्षानुवर्षांत ती कुपी सरकत कधी खांद्यावर जाते, कधी कोपराजवळ. तिच्यासाठी स्कॅनर अंगाला जवळजवळ टेकवून, सावकाश, पाठीवरून आणि दोन्ही कुशींवरून पुढच्या पायांपर्यंत फिरवावा लागतो. मग तो क्रमांक कुठल्या नोंदवहीत आहे ते शोधायचं, तिथून फोन नंबर मिळवायचा. एवढ्या वेळात दोन पोस्ट होतात.

पोस्ट मात्र सविस्तर लिहा. सगळ्या बाजूंनी फोटो, नर की मादी, अंगाचा रंग, पोटावरचा पांढरा डाग, डाव्या मागच्या पायाचं एकच नख पांढरं, सगळं. म्हणजे फुकटात जातिवंत कुत्रा मिळवायला बसलेल्या माणसाला फोनवर काय सांगायचं याची चिंता उरत नाही. तुम्ही विचारणार, 'काही खूण?' तो तुमचीच पोस्ट तुम्हाला वाचून दाखवणार, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी. कद्रू लोक एखादी खूण मुद्दाम राखून ठेवतात. ते पांढरं नख कुठेच लिहीत नाहीत, फोटोतही येऊ देत नाहीत. जो मालक म्हणून येईल त्याच्याकडे जुने फोटो, लसीकरणाचं पुस्तक, चिपचा क्रमांक मागतात. किती हा अविश्वास!

पोस्ट जगभर फिरवा, पण जिथे कुत्रा सापडला तिथल्या कोपऱ्यावर कागद चिकटवायला जाऊ नका. ज्यांचा कुत्रा हरवलाय ते लोक त्याच परिसरात, पायी, हातात रिकामी साखळी घेऊन फिरत असतात. त्यांच्या नजरेस पडेल असा मोठ्या अक्षरांतला कागद लावणं फार जुनाट झालं. स्थानिक यंत्रणेला कळवण्याच्याही भानगडीत पडू नका. बऱ्याच देशांत सापडलेल्या कुत्र्याची नोंद करावी लागते, काही दिवस मालकाची वाट बघावी लागते, आणि तोवर तो कायद्याने दुसऱ्याचा असतो. पण कायदा भावना कुठे जाणतो?

एका कानाचं टोक सरळ कापलेलं किंवा कानाला खाच दिसली, तर तो क्रूरतेचा पुरावा समजून क्लोजअप घ्या. अनेक ठिकाणी ही खूण नसबंदी झालेल्या कुत्र्याची असते. भूल दिलेली असतानाच ती करतात, सोबत रेबीजची लस टोचतात आणि जिथून उचललं तिथेच कुत्रा परत सोडतात, कारण तो तिथला रहिवासी असतो. असा धडधाकट कुत्रा उचलून निसर्गरम्य जागी सोडून आलात, तर नव्या जागेतले कुत्रे त्याला फाडायला धावतात आणि जुनी जागा नसबंदी न झालेला दुसरा कोणीतरी पटकावतो. एकाच फेरीत दोन वस्त्यांची घडी विस्कटता येते, असं काम विरळाच.

घरी आणल्याबरोबर अंघोळ घाला. अशक्त, भेदरलेला प्राणी, अनोळखी न्हाणीघर, अंगावर पाणी आणि वर तुमचं प्रेमळ ओरडणं. पहिल्याच तासात तुमची ओळख पक्की होते. खंगलेल्या कुत्र्याच्या अंगावर चरबी नसते, ओला झाला की त्याचं तापमान भराभर उतरतं. गोचीड दिसली तर काडीचा चटका द्या किंवा वरून तेल ओता. चिडलेली गोचीड पोटातलं सगळं जखमेत ओकते, सोबत तिच्याकडचे रोगजंतूही. अगदी कातडीला टेकवून चिमट्यात धरायची आणि न पिळता, सावकाश, सरळ वर ओढायची, यात मजा ती काय?

मग जेवण. भुकेला आहे ना, मोठं ताट भरा. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं, आणि जो उपासाने मेला नाही तो पोटभर जेवून मरू शकतो. हाडांचा सापळा झालेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी गरजेच्या पाव हिश्श्याएवढंच, तेही चार-सहा वेळांत विभागून द्यायचं आणि पशुवैद्याच्या देखरेखीखाली आठवडा-दीड आठवड्यात वाढवत न्यायचं, असं म्हणतात. पण पाहुण्याला पाव जेवण वाढणं बरं दिसतं का? वर वाटीभर दूध द्या. मोठ्या कुत्र्यांच्या आतड्यात दूध पचवणारं विकर फार थोडं उरलेलं असतं, त्यामुळे रात्री तुम्हाला सोबत मिळते, फरशी पुसायला. गोड म्हणून चॉकलेट, मनुका. चव म्हणून कांदा. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन त्याच्या हृदयावर जातं, द्राक्षं-मनुका मूत्रपिंडावर, कांदा-लसूण तांबड्या पेशींवर. लंगडत असेल तर तुमच्या डब्यातली वेदनाशामक गोळी आहेच. आयबुप्रोफेनने जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडं बसतात, पॅरासिटामॉलने यकृत. गोळ्या त्याच, शरीर तेवढं तुमचं नाही.

घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची गळाभेट लगेच घडवा. दारातच, दोघांच्या मध्ये एक वाटी ठेवून, म्हणजे भांडायला विषयही मिळतो. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू शरीरात शिरल्यावर उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू व्हायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी चौदा. तोवर नवा पाहुणा ठणठणीत दिसत असतो. विष्ठेतून पडलेला हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. त्याला ब्लीचच लागतं, एका भागाला ३२ भाग पाणी, तेही आधी घाण पूर्ण पुसून मग दहा मिनिटं ओलं ठेवून. घाणीवरच ओतलं तर ब्लीच घाणीशी झुंजत संपून जातं. म्हणूनच घाबरट मंडळी नव्या कुत्र्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवतात, भांडी वेगळी, चप्पल वेगळी, आणि आधी घरच्या कुत्र्याचं सगळं आटपून मग त्याच्याकडे जातात. नवी मादी असेल आणि घरचा नर असेल, तर त्यांनाही एकत्र राहू द्या. साधारण ६३ दिवसांनी तुमच्याकडे सापडलेली आणखी कुत्री असतील.

चावला, तर मुळीच बोभाटा करू नका. 'प्रेमाने चावलाय' म्हणा आणि जखमेवर घट्ट पट्टी बांधा. साबण आणि वाहत्या पाण्याखाली जखम १५ मिनिटं धुवायची असते, पण फोनवर इतके लोक विचारपूस करत असताना १५ मिनिटं काढायची कुठून? रेबीजचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. बहुतेक वेळा दोन-तीन महिने घेतो, कधी आठवडाभर, कधी वर्षभर. तेवढ्या वेळात लसीने त्याला गाठता येतं. लक्षणं दिसल्यावर गाठता येत नाही, मग मृत्यू जवळजवळ ठरलेला. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडंही टोचावी लागतात. नुसत्या ओरखड्यालाही लस लागते, आणि उघड्या जखमेवर चाटणं तर रक्त आलेल्या चाव्यातच मोजतात. 'कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवू, मग बघू' हा मधला मार्ग तर फारच लोकप्रिय. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवतात हे खरं, पण लस त्याच दिवशी सुरू करून. कुत्रा धडधाकट राहिला तर पुढचे डोस डॉक्टर थांबवतात. १८८५ साली लुई पाश्चरने कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली आणि पोरगा वाचला. आपल्याला शोध लावायचा नाही, नुसतं दवाखान्यात जायचं आहे. तेवढंच होत नाही.

पिल्लं सापडली तर क्षणाचाही विलंब न लावता उचला. आई खाणं शोधायला गेलेली असू शकते, पण लांब उभं राहून तास-दोन तास वाट बघणं म्हणजे निष्क्रियता. घरी आणून उताणी धरून तोंडात दूध ओता, म्हणजे ते फुफ्फुसात जाईल. पोटावर पालथं, मान किंचित वर ठेवून पाजतात आणि पाजण्याआधी पिल्लाचं अंग गरम करतात, कारण गार पडलेल्या पिल्लाची आतडी चालत नाहीत. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने मागची बाजू पुसून शी-शू करवावी लागते, आई चाटून करवते तशी. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. हे कळल्यावर पिल्लं सहसा लगेच दुसऱ्या कोणाला तरी 'भेट' दिली जातात.

दाराचं काय करायचं, ते सोपं आहे. काही करू नका. इतकं प्रेम मिळाल्यावर तो जाईल कशाला? पहिल्या दिवसांत त्याला हे घर आपलं आहे हे ठाऊक नसतं. डिलिव्हरीवाल्याने बेल वाजवली, तुम्ही सही करायला वाकलात, की तो तुमच्या पायांमधून बाहेर. म्हणून अनुभवी लोक आतलं दार लावल्याशिवाय बाहेरचं उघडत नाहीत, घरातसुद्धा त्याला हलकी साखळी लावून ठेवतात आणि गच्चीला 'बंदिस्त जागा' मानत नाहीत.

आणि शेवटी, चांगलं घर. तीन दिवसांनी तुमच्या लक्षात येतं की कुत्रा रात्री भुंकतो, सोफा खातो, आणि 'आमच्याकडे जागा लहान आहे'. खरं तर पहिले तीन दिवस तो नुसता बावरलेला असतो. रुळायला तीन आठवडे आणि खरा स्वभाव दिसायला तीन महिने लागतात असा ढोबळ हिशोब आहे, पण तुम्ही त्याचा स्वभाव तिसऱ्या दिवशीच पक्का ओळखलेला असतो. तेव्हा जो पहिला फोन करील त्याला, फुकट, संध्याकाळच्या आत देऊन टाका. आधी कुत्रा पाळला होता का, तो कशाने गेला, घरात सगळे राजी आहेत का, भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आहे का, असले प्रश्न विचारून चांगला माणूस दुखवू नका. त्याचं घर बघायला जाऊ नका. नसबंदी राहिली असेल तर 'ते करून घेतील'. जमलं नाही तर कुत्रा परत आणून द्या, असं चुकूनही बोलू नका. तो आणून देईल.

एक कागद तेवढा मध्ये येतो. चिप तुम्ही बसवून घेतली असेल तर नोंदवहीत नाव आणि नंबर तुमचा आहे. कुत्रा नव्या माणसाला दिला म्हणून नोंद आपोआप बदलत नाही, तुम्हाला हस्तांतरण भरावं लागतं. भरू नका. नव्या घरातून तो निसटला आणि कोणी भल्या माणसाने रात्री दोन वाजता त्याला दवाखान्यात नेऊन स्कॅन केलं, तर फोन तुम्हालाच येणार. झोपताना मोबाइल सायलेंटवर ठेवत जा.