फेडररच्या २०१६च्या माघारीबद्दल : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

वयाचा उल्लेख तुम्हीच केलात, म्हणून काका म्हणते. टेनिसपटू रॉजर फेडररने २६ जुलै २०१६ला उरलेला सगळा सीझन सोडला, तेव्हा आम्हा चाहत्यांची काय अवस्था झाली त्यावर मी लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत की पस्तिशीला टेकलेल्या माणसाने तेव्हाच रॅकेट खाली ठेवायला हवी होती. आमच्यासारख्यांनी ‘परत ये’चा धोशा लावून त्याला २०२१च्या विम्बल्डनमधल्या ०-६ पर्यंत, म्हणजे एकही गेम न जिंकता गमावलेल्या सेटपर्यंत ओढत नेलं. आणि तुमचे वडील दुखरा गुडघा घेऊन यंत्रमागावर उभे राहायचे, त्यांना कुणी सहा महिने दिले नाहीत. या शेवटच्या मुद्द्यावर शेवटी लिहिते.

आधी ‘परत ये’बद्दल. त्या जुलैत आमच्या टेनिसवाल्यांच्या ग्रुपवर असं म्हणणारे फार थोडे होते. बहुतेकांनी त्याला निरोपच देऊन टाकला. ‘संपला’, ‘आता मानाने जाऊ दे’, ‘आपलं कॉलेज संपलं तसं हेही संपलं’ असे मेसेज रात्री उशिरापर्यंत येत होते. विम्बल्डनच्या सेमीफायनलला राओनिचविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे असूनही तो हरला होता. पाचव्या सेटमध्ये गवतावर पडला, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा त्याला कुणी ओढलं म्हणता? आम्ही तर हात जोडून मोकळे झालो होतो. खेळायचं की नाही ते त्याचं त्यानेच ठरवलं.

आणि त्याने जे सोडलं ते लहान नव्हतं, काका. दहा दिवसांवर रिओ ऑलिम्पिक होतं. एकेरीचं सुवर्ण त्याच्याकडे नव्हतं. २००८ला वावरिंकाबरोबर दुहेरीचं मिळालं आणि २०१२ला लंडनमध्ये एकेरीत रौप्यावर थांबावं लागलं. रिओत हिंगिसबरोबर मिश्र दुहेरीही ठरली होती. (त्याच रिओत आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे सानियाबरोबर दुहेरीत उतरली. आपल्या जिल्ह्यासाठी तेवढं ऑलिम्पिक टेनिस त्या वर्षी होतं, आणि मला ते पुष्कळ होतं.)

हे सगळं का सोडलं? कारण घाईचा फटका त्याला आधीच बसला होता. फेब्रुवारीत डाव्या गुडघ्याच्या मेनिस्कसचं (सांध्यातल्या कूर्चेच्या गादीचं) ऑपरेशन झालं, त्याच्या कारकिर्दीतलं पहिलंच. एप्रिलमध्ये तो माँटे कार्लोला खेळायला हजर! पुढे पाठीने दगा दिला, फ्रेंच ओपन बुडाली आणि सलग ६५ ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) खेळण्याची मालिका तुटली. ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू उतरतो, तो भरून यायला वेळ लागतो. मॅचेस खेळत खेळत तो भरत नाही. डॉक्टरांचा सल्ला ऐकून त्याने जुलैतच सांगून टाकलं, दर स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाव मागे घेत बसला नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. नोव्हेंबरात तो पहिल्या दहातून बाहेर पडला, २००२नंतर पहिल्यांदा. जानेवारीत मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, सतरावं मानांकन. २९ जानेवारीची फायनल आपल्याकडे रविवारी भर दुपारी होती. पाचव्या सेटमध्ये नदाल ३-१ने पुढे गेला तेव्हा आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं, आणि तिथून फेडररने सलग पाच गेम घेतले. मी रडले. त्याची मला लाज वाटत नाही.

तरीही, तो जिंकला म्हणून माघार बरोबर होती, असं मी म्हणत नाही. तो मेलबर्नला पहिल्याच फेरीत हरला असता तरी ती बरोबरच होती. नदालचंच बघा. २०२१च्या ऑगस्टमध्ये पायासाठी सीझन सोडला, तर पुढच्या जानेवारीत मेदवेदेवविरुद्ध दोन सेट मागे पडूनही ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. २०२३मध्ये कंबरेसाठी थांबला, परत आला, पण पूर्वीसारखं जमलं नाही आणि २०२४च्या अखेरीस निवृत्त झाला. शरीराला वेळ द्यायचा निर्णय दोन्ही वेळा योग्यच होता.

आता ते ०-६. हुरकाझविरुद्धचा तो सेट मीही पाहिला, बघवत नव्हता. तेव्हा उजव्या गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रिया झालेल्या होत्या आणि तो चाळिशीला आला होता. पण तोही त्याचाच खेळ होता. आपल्याला बघवत नाही म्हणून त्याने आधीच थांबायला हवं होतं, हे मला पटत नाही. त्याला खेळावंसं वाटलं, तो खेळला आणि हरला.

तुमच्या वडिलांचं वाचून मला वाईट वाटलं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात अशी किती घरं आहेत हे तुम्ही मला सांगायला नको. पाळीत उभं राहून उभं राहून गुडघे जातात, खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जातो, म्हणून माणूस दुखणं अंगावर काढतो. तुमचा राग खरा आहे. पण तो विश्रांती घेणाऱ्या खेळाडूवर का निघावा? तुमच्या वडिलांनाही ते सहा महिने पगारासकट मिळायला हवे होते, आणि ते न देणारा त्यांचा कारखानदार होता. या विषयावर तुम्हीच लिहा, काका. तुम्ही ते घरात पाहिलंय. लेख पाठवलात तर इथे तुमच्या नावाने, एक शब्दही न बदलता छापेन.