हिरोच्या शोधात होमपेज

‘सर, आधी हिरो ठरवू,’ असं डिझायनर म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मेहुणा गुळगुळीत दाढी करून, काळा गॉगल लावून हजर.

होमपेजवर सगळ्यात वर जो मोठा फोटो असतो त्याला त्या धंद्यात हिरो म्हणतात, हे त्याला समजावून सांगेपर्यंत त्याचे बारा फोटो काढून झाले होते. आम्ही विकणार होतो कापडी पिशव्या. पण भांडवलात मेहुण्याचा हिस्सा होता, त्यामुळे त्याच्या हातात एक पिशवी देऊन तडजोड झाली. फोटोत पिशवी दिसते. नीट शोधली तर.

बाकीची वेबसाइट पंधरा दिवसांत झाली. होमपेजला तीन महिने लागले. आतल्या पानांशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं, दर्शनी जागा मात्र प्रत्येकाला हवी होती. सासऱ्यांना ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत’ ही ओळ हवी होती, तीही सरकती. बायकोला नवा माल वर हवा होता. मला ‘आमची वाटचाल’ हवी होती. वाटचाल अजून सुरू व्हायची होती, पण मजकूर तयार होता.

सगळ्यांची समजूत काढायला मी पाच चित्रांचा स्लायडर सुचवला. डिझायनरने कपाळाला हात लावला. अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठाच्या साइटवर म्हणे मोजून पाहिलं होतं. अशा सरकत्या चित्रांवर शंभरात जेमतेम एक जण क्लिक करतो, आणि तोही बहुतेक वेळा पहिल्याच चित्रावर. हे ऐकून घरात शांतता पसरायला हवी होती. त्याऐवजी पहिलं चित्र कोणाचं, यावर भांडण जुंपलं.

मग तिने दुसरं अस्त्र काढलं. पान बरं की वाईट हे माणूस ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात ठरवतो, असं कॅनडातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलंय. ‘मग तीन महिने कशाला घालवतोय आपण?’ असं सासरे म्हणाले. मला त्यांचं म्हणणं मनातून पटलं होतं.

शेवटी पान तयार झालं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं ही माझी आवड. फार उंची वाटत होतं. बटणावर मी ‘प्रवास सुरू करा’ असं लिहिलं होतं. ‘पिशव्या बघा’ मला फारच बाजारू वाटलं.

उद्‌घाटनाआधी कोणा परक्या माणसाला पान दाखवा आणि आपण तोंड बंद ठेवा, अशी डिझायनरची अट होती. परकं कोणी मिळेना म्हणून आत्याला बसवलं. आत्याने चष्मा पुसला, फोन हातभर लांब धरला आणि पान उघडलं. फोटो नऊ एमबीचा होता, कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला. तो वरून खाली पट्टीपट्टीने उतरू लागला. आधी मेहुण्याचा भांग आला, मग कपाळ, मग गॉगल. आणि तिथे थांबला.

‘गॉगलचं दुकान काढलंत होय?’ आत्या म्हणाली.

मी तोंड उघडणार होतो, डिझायनरने डोळे वटारले. तेवढ्यात पॉपअप आला: आमची बातमीपत्रं मिळवा! तो बंद करायची फुली मुंगीएवढी. आत्याचा अंगठा तिच्या उजवीकडे पडला, मग डावीकडे, मग ‘होय’वर. त्यामागून नोटिफिकेशनची परवानगी, आणि कोपऱ्यातून ‘मी काही मदत करू?’ असं विचारणारी चॅटची खिडकी. ‘बाजूला हो म्हणावं आधी,’ असं तिला सांगून आत्या खाली सरकली. करडी अक्षरं बघून म्हणाली, ‘शाई संपली वाटतं.’ बटणापाशी पोचल्यावर मात्र तिने हात मागे घेतला. ‘नको बाई. प्रवासाचं बुकिंग होऊन बसायचं.’

त्या रात्री डिझायनरने कोणालाही न विचारता पान पाडून पुन्हा बांधलं. फोटो दीडशे केबीवर आणला. अक्षरं काळी केली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ला १ एवढा फरक लागतो, असा चक्क जागतिक संकेत आहे म्हणे. माझ्या करड्याला त्यात जागा नव्हती. पॉपअप गेला, स्वागत गेलं, वाटचाल तळाशी गेली. वर शोधायची चौकट, एक मोठी पिशवी आणि ‘पिशव्या बघा’. मेहुणा अर्धा कापला गेला, पण कोपरापासून पुढचा हात राहिला. त्याच हातात पिशवी होती.

चौथ्या दिवशी पहिली ऑर्डर आली. आम्ही चौघे आकडेवारीच्या पडद्यावर तुटून पडलो. गिऱ्हाइकाने इंटरनेटवर ‘खांद्याची कापडी पिशवी’ असं शोधलं होतं, थेट त्या पिशवीच्या पानावर उतरलं होतं, पैसे भरले होते आणि निघून गेलं होतं. होमपेजकडे ते फिरकलंच नव्हतं.

बराच वेळ कोणी बोललं नाही.

‘म्हणजे माझा हातसुद्धा नाही बघितला?’ मेहुण्याने विचारलं.