माझीच सॅलरी स्लिप आणि मीच हात पसरायचे?

सहा वर्षं दोन महिने नोकरी केली आणि काढलं किती वेळात, तर अकरा मिनिटांत, मंगळवारी सकाळी, व्हिडिओ कॉलवर. एचआरच्या मॅडमनी कॅमेरासुद्धा चालू केला नाही. कारण काय तर "परफॉर्मन्स". अहो मार्चमध्ये तुम्हीच चांगलं रेटिंग देऊन पत्र दिलंत ना! म्हटलं ठीक आहे, हेच मेलवर लिहून द्या, तर "ते इंटर्नल असतं, शेअर करत नाही". माझ्याबद्दलचं आहे ना ते? मग माझ्यापासूनच इंटर्नल कसं काय?

कॉल संपला, पाणी प्यायला उठलो, परत येतो तर लॅपटॉप लॉक. सगळ्या स्लिपा, ते मार्चचं पत्र, अपॉइंटमेंट लेटर, सगळं त्या पोर्टलवर. चूक माझीच म्हणा, कधी डाउनलोड करून ठेवलं नाही. आता नवीन ठिकाणी तीन महिन्यांच्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटर मागतायत आणि इकडे मेल केला की "तिकीट रेझ करा", म्हणजे ऑनलाइन तक्रार नोंदवा. तिकीट पोर्टलवरूनच रेझ होतं हो!! पोर्टल तुम्हीच बंद केलंय ना!

काका म्हणाले आरटीआय टाक. काका, तो 2005 चा कायदा सरकारी ऑफिसांसाठी आहे, प्रायव्हेट कंपनीला विचारलं तर हसतील. बरं, 1993 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की गैरवर्तन म्हणून काढायचं असेल तर चौकशीच्या रिपोर्टची कॉपी द्यावी लागते, प्रायव्हेटमध्येपण. पण चौकशीच केली नाही तर कॉपी कसली डोंबलाची! वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची छाटणी करायची तर महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार, आणि नोटिशीत कारण लिहायचं, असंही आहे. हे सांगितलं तर म्हणे तू टीम लीड, तू कामगार नाहीस. अरे मला कोणाची अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता, कसला लीड? नावाला काय चाटायचंय, रोज काम काय करत होतो ते बघतात ना कायद्यात.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सुटताना कंपनीने एकरकमी द्यायच्या पैशांचं, तर नावच काढत नाहीत. पाच वर्षं कधीच झालीत, तीस दिवसांत द्यायला पाहिजे, आज एकेचाळिसावा दिवस. हिशोबाचा कागद मागितला तर "प्रोसेसमध्ये आहे". पीएफला एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सुटल्याची तारीख, टाकली नाहीये, ती दोन महिने झाले की मी स्वतः टाकेन एकवेळ, पण ग्रॅच्युइटीचं काय?

आणि काल कळस. जुन्या टीममधला एक जण सांगत होता, एचआर विचारतेय याने एक्झिट फीडबॅक फॉर्म अजून का भरला नाही. लिंक पाठवलीय म्हणे. कुठे, तर माझ्या ऑफिसच्या मेलवर.