'ताई, ओंडका कधी हातात धरलाय का?'

पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांनी गोल लाकूड, म्हणजे न कापलेले ओंडके, परदेशी पाठवणं बंद करून फळ्या विकाव्यात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'एक निवृत्त वनाधिकारी' अशा सहीने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. नाव नाही, हुद्दा तेवढा आहे. म्हणणं असं: बंदी घातली तर तिथल्या सरकारचा २५ टक्के निर्यातकर बुडेल. आफ्रिकेतल्या गॅबॉनने २०१० मध्ये अशीच बंदी घातली, तरी चोरी थांबली नाही. क्विला आणि मरबाऊ ही एकाच लाकडाची नावं आहेत. आणि शेवटी, "ताई, गूगल करून जंगल कळत नाही. ओंडका कधी हातात धरलाय का?"

आधी माझी चूक. क्विला म्हणजेच मरबाऊ. मी दोन वेगळी झाडं समजून लिहिलं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ओंडक्याचं.

साहेब, माझे बाबा चंद्रपूरला आरामशीन चालवायचे. बल्लारशाच्या डेपोत लिलावाआधी माल बघायला जाताना, शाळेला सुट्टी असली की मलाही न्यायचे. लाडाने नव्हे, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागायचं म्हणून. ओंडका हातात धरता येत नाही हो. त्याला कवेत घ्यावं लागतं. निवृत्त वनाधिकाऱ्याला हे मी सांगायचं? मी नऊ वर्षांची, माझी कव पुरायची नाही, म्हणून मी खालून टेप सरकवायची आणि बाबा पलीकडून ओढून घ्यायचे. गोलाई घ्यायची, चारने भागायची, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, गुणिले लांबी. झालं घनफूट.

पुढे शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवलं. घरी येऊन मी तेच गणित नव्या पद्धतीने केलं आणि ऐटीत बाबांना सांगितलं की तुमचं सूत्र चुकतंय, शंभर घनफुटांतलं साडेएकवीस घनफूट लाकूड त्यात येतच नाही. ते हसले. म्हणाले, "चुकत नाही गं. ते घेणाऱ्याचं सूत्र आहे." साल, बाक, आऱ्याखाली जाणारा भुसा, सगळ्याची सूट त्यात धरलेली असते म्हणतात. असेल. पण जाड, सरळ, बिनगाठीचा नग लागला की त्यातलं किती भुशात जातं आणि किती आरामशीनच्या मालकाच्या पदरात पडतं, ते आरामशीनवाल्याच्या मुलीला विचारा. आम्हीही घेणारेच होतो, ते नाकारत नाही.

हे सगळं लेखात घातलं नव्हतं, कारण लेख माझ्यावर नव्हता. आणि ते 'ताई'. एरवी मला आवडतो तो शब्द. पण पुढे काय येणार ते कळावं अशा सुरात म्हटलेला ताई मी ओळखते. लेखाखाली पुरुषाचं नाव असतं तर 'दादा, कधी हातात धरलाय का' असं आलं असतं का?

माझा मुद्दाच मापाचा होता, तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. सॉलोमनमध्ये बहुतेक जमीन सरकारची नाही, कुळांची, म्हणजे घराण्यांची, आहे, परंपरेने चालत आलेली. कंपनी, बहुधा मलेशियन, कुळातल्या चार-दोन विश्वस्तांच्या सह्या घेते. ग्वादलकनाल, इसाबेल या बेटांवर जमिनीचा हक्क आईकडून मुलीकडे जातो, सह्या मात्र पुरुष करतात. ओंडके समुद्रकाठी रचले जातात, तिथूनच जहाजात चढतात आणि बहुतेक चीनला जातात. जमीनमालक कुळांच्या पदरात विक्रीच्या साधारण १५ टक्के, तेही कागदावर जेवढे घनमीटर आणि जी जात लिहिली असेल तिच्या हिशेबाने. दूरच्या कुठल्या काठावर भारी लाकूड हलकं म्हणून लिहिलं तर बघणार कोण? टेपचं एक टोक कंपनीच्या हातात असतं, दुसरंही तिच्याच. फळी मोजायला मात्र कुणाचं सूत्र लागत नाही. लांबी, रुंदी, जाडी. कुळातली कुठलीही बाई मोजेल.

राहिले तुमचे २५ टक्के. कशाचे? सरकार जातवार भाव ठरवून देतं, त्याचे. बाजार वर गेला आणि तो भाव मागेच राहिला, तर त्या २५ ला काय अर्थ? गॅबॉनचं म्हणाल तर २०१९ मध्ये ओवेंडो बंदरातून केवाझिंगो लाकडाचे साडेतीनशेवर कंटेनर नाहीसे झाले, खरं आहे. त्याच प्रकरणात उपराष्ट्राध्यक्ष आणि वनमंत्री, दोघांची खुर्ची गेली. तेवढं लिहायचं तुमच्याकडून राहिलं. गॅबॉनमधल्या न्कोकच्या लाकूड-कारखान्यांवर पुन्हा कधीतरी लिहीन, इथे जागा नाही.

बाबांचा टेप अजून माझ्याकडे आहे. सुरुवातीचे चार इंच झिजून गेलेत, त्यामुळे पाचापासून मोजावं लागतं. चंद्रपूरकडे आलात तर दाखवीन. येताना नाव तेवढं सांगा.