खुलासा : नीरी नागपूर विद्यापीठाची नाही, पण विद्यापीठाचं स्वतःचं संशोधन आहे

‘नागपूर विद्यापीठात विज्ञान म्हणजे नीरी, एलआयटी आणि संत्र्याचं संशोधन, बाकी फक्त परीक्षा’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, ती सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची); संत्र्यावर संशोधन करणारी लिंबूवर्गीय फळांची संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची. नीरीत काम करणारे अनेक जण पीएच.डी.ची नोंदणी विद्यापीठात करतात, बहुधा त्यावरूनच हा गोंधळ होत असावा. एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, मात्र 1942 पासून खरोखर विद्यापीठाची होती. आता तिचं वेगळं विद्यापीठ झालंय.

आणि ‘बाकी फक्त परीक्षा’? हे वाचून वाईट वाटलं. भौतिक, रसायन, वनस्पती, प्राणी, संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे कितीतरी विभाग आहेत. भूशास्त्राचंच बघा. दगडाची चकती काचेवर चिकटवून घासत घासत 0.03 मिलिमीटरवर आणतात, केसाहूनही पातळ. मग काळ्या दगडातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं रंग दाखवतात. सीताबर्डीची टेकडी याच काळ्या बेसाल्टची, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. नागपुरातल्याच टाकळीला लाव्हाच्या थरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांनी 19व्या शतकातच ते गोळा केले होते. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे इथे तळी होती! इतका अभ्यासाचा ऐवज शहराच्या पायाखालीच आहे.

1923 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने 2023 मध्ये 108वी इंडियन सायन्स काँग्रेसही भरवली. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.