एकवीस दिवसांत खर्रा सुटतो म्हणे!

नातेवाइकांच्या आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘21 दिवसांत सवय बदलते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. एक दिवस चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. ज्याला जमत नाही, त्याच्यात इच्छाशक्तीच नाही. च्युइंगम, गोळ्या या पळवाटा आहेत.’ नागपुरात तो बहुतेक वेळा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, सोडू पाहणाऱ्याच्या माथी मारला जातो. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासलेला बरा.

आधी 21 चा आकडा. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 च्या पुस्तकात लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला कमीत कमी 21 दिवस तरी लागतात. पुढे ‘कमीत कमी’ गळलं, चेहराही गळला, आकडा तेवढा उरला. प्रत्यक्ष मोजणी केली ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. 2010 मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात 96 जण होते. दुपारच्या जेवणासोबत फळ खाणं, रात्री जेवणाआधी धावणं अशी एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. त्यातही या सगळ्या नव्या, चांगल्या सवयी. वर्षानुवर्षांची तंबाखू सोडण्याचा हिशेब त्यात नाहीच.

‘एक दिवस चुकला की शून्य’ हेही त्याच अभ्यासात टिकलं नाही. एखादी खेप हुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नव्हता. उलट हा नियमच माणसाला बुडवतो. हळदीच्या कार्यक्रमात कुणीतरी एक चिमूट पुढे केली, याने घेतली, आणि ‘आता मोडलंच’ म्हणत रात्रीपर्यंत अख्खी पुडी संपवली. चिमटीने झालं नसतं तेवढं नुकसान त्या शून्याने केलं.

आता इच्छाशक्ती. इथे जरा थांबू, कारण सगळा घोळ इथेच आहे. सीताबर्डीतल्या कुठल्याही ऑफिसाखाली दुपारी डबे संपल्यावर बघा. चौघं खाली उतरतात, पानठेल्याकडे वळतात. मागावं लागत नाही. ठेलेवाल्याने लांबूनच ओळखून सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेतलेला असतो. पन्नी घोटल्याचा आवाज सुरू झाला की तोंडाला पाणी सुटतं. बोलणं क्रिकेटचं चाललेलं, मध्येच ‘चुना कमी टाकजो भाऊ’ एवढंच. चिमूट गालात गेल्यावर आठवतं, आजपासून बंद करायचं होतं! इथे इच्छाशक्ती हरली म्हणायचं तरी कसं? तिला कुणी विचारलंच नाही. जागा, वेळ आणि सोबत यांनी निर्णय घेऊन टाकलेला असतो. वाईट सवय शिस्त पोखरते ती अशी, तिच्या नकळत. अभ्यासिकेत टेबलावर उताणा ठेवलेला मोबाइल स्पर्धा परीक्षेच्या पोराचं हेच करतो.

विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या 205 जणांच्या रोजच्या मोहांची नोंद घेतली. 2012 च्या त्या अभ्यासात ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त, त्यांना मोहाशी झगडावंच कमी लागत होतं. म्हणजे आपण ज्याला खंबीर म्हणतो, तो बरेचदा ठेल्याकडे न वळणारा माणूस असतो. डबा संपल्यावर वरच बसा, ग्रुपला ‘मी येत नाही’ सांगा, खिशात बडीशेप ठेवा. फॉरवर्ड करण्याइतकं हे भारदस्त नाही, कबूल.

राहिली पळवाट. निकोटिनची शरीराला चटक लागते. सोडल्यावर चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेलं निकोटिन च्युइंगम हा त्रास कमी करतं, आणि सुटायला मदत करू शकतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइनही आहे: 1800-11-2356. तो मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी निदान हा नंबर तरी खाली जोडावा.