मपान्झूची जागा

फुटबॉलवर तासन्‌तास बोलणाऱ्या माझ्या मित्रमंडळींत पेली रडक मपान्झूचं नाव सहसा निघत नाही. निघालंच तर क्विझच्या प्रश्नासारखं: एकाच क्लबकडून इंग्लंडच्या पाचव्या पायरीपासून प्रीमियर लीगपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू कोण? उत्तर येतं, वा वा होते, पुढचा प्रश्न. मला या माणसाबद्दल त्याहून बरंच जास्त म्हणायचंय. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते.

मपान्झू लंडनच्या हेंडनमधला. वेस्ट हॅमच्या तरुण पोरांत होता, पण पहिल्या टीममध्ये जागा होईना. २०१३च्या नोव्हेंबरात ल्युटन टाउनने त्याला लोनवर, म्हणजे उसना, घेतलं आणि जानेवारीत कायमचं करून टाकलं. प्रीमियर लीगचा क्लब सोडून तो गेला ते थेट पाचव्या डिव्हिजनमध्ये. मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला, वय विशीच्या आसपास.

त्या वेळचं ल्युटन म्हणजे पोळलेलं गाव होतं. २००८-०९चा सीझन क्लबने उणे ३० गुणांवरून सुरू केला होता. पैशांचे घोळ आधीच्या लोकांनी घातले आणि शिक्षा भोगली मैदानावरच्या पोरांनी. क्लब लीगमधून, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांतून, बाहेर फेकला गेला आणि पाच सीझन बाहेरच राहिला. त्यात दोनदा प्लेऑफची, म्हणजे वर जाण्याच्या शेवटच्या जागेसाठीची, फायनल हरला. शेवटी २०१४ला १०१ गुण घेऊन तो लीगमध्ये परतला, तेव्हा मपान्झू टीममध्ये होता. २०१८ला तिसऱ्या पायरीवर, २०१९ला दुसऱ्या, आणि २०२३ला प्रीमियर लीग. चारही वेळा तो तिथेच होता.

आता माझा मुद्दा. क्लब वर चढला की खेळाडूची चांदी, असं आपल्याला वाटतं. खालच्या डिव्हिजनमध्ये बऱ्याचदा उलटं होतं. तिथली कॉन्ट्रॅक्ट्स वर्षा-दोन वर्षांची, ३० जूनला संपणारी. सीझन संपला की क्लब यादी लावतो, कोण राहणार आणि कोण जाणार. वर गेलेल्या क्लबला वरच्या पायरीवर खेळून आलेला माणूस हवा असतो. मग ज्यांनी घाम गाळून क्लब वर नेला, त्यांच्यातल्याच कितीतरी जणांची नावं जाणाऱ्यांच्या यादीत दिसतात. दोन महिन्यांपूर्वी याच पोरांना उघड्या बसमधून मिरवलेलं असतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझा दादा कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळायचा. तोही मधल्या फळीतलाच. टीम चांगली खेळायला लागली, पैसा आला आणि पुढच्या सीझनला त्याच्या जागेवर बाहेरचा खेळाडू आणला. दादा चिडला नाही, भांडलाही नाही. शाहू स्टेडियमवर ट्रॅकसूट घालून बेंचवर बसायचा आणि घरी आला की बूट धुवायचा. न वापरलेले बूट. आई म्हणायची, अरे स्वच्छच आहेत की. तो तरी धुवायचा.

म्हणून मपान्झूकडे बघताना चार प्रमोशनपेक्षा मला चार उन्हाळे दिसतात. दर उन्हाळ्यात त्याच्याच जागेसाठी कुणीतरी नवा, त्याच्यापेक्षा मोठ्या नावाचा माणूस यायचा. मॅनेजरही बदलत गेले: जॉन स्टिल, नेथन जोन्स, मिक हार्फर्ड, रॉब एडवर्ड्स. नव्या साहेबाला जुन्या माणसाचं कौतुक असेलच असं नाही. त्याला शनिवारची मॅच जिंकायची असते. आणि तरी ऑगस्ट आला की मपान्झू टीममध्ये असायचाच.

तो करायचा काय, हे सांगते, कारण गोलांच्या यादीत ते दिसत नाही. खालच्या डिव्हिजनमध्ये गोलकीपर लांब किक मारतो, दोघं हवेत उडी घेतात, कुणाच्या तरी डोक्याला लागून बॉल खाली पडतो. तिथले लोक त्याला ‘सेकंड बॉल’ म्हणतात. तो बॉल ज्याचा, त्याची मॅच, इतकं साधं. मपान्झू तिथे आधी पोचलेला असायचा. अंगाने दणकट, पाठीवर माणूस घेऊन वळायचा आणि बॉल पायात ठेवून दहा-पंधरा यार्ड सरळ चालून जायचा. ढकला, ओढा, पडायचा नाही. तेवढ्या वेळात मागच्या डिफेंडर्सना श्वास घेता यायचा आणि सगळी टीम पुढे सरकायची. हायलाइट्समध्ये हा तुकडा कधीच येत नाही. स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला मात्र तो अंगावर जाणवतो.

आणि तो स्टँड! केनिलवर्थ रोडला, म्हणजे ल्युटनच्या मैदानावर, एकदा तरी जाऊन या. बरी पार्कच्या वस्तीत, आपल्याकडच्यासारखी मिठाईची आणि कापडाची दुकानं ओलांडून जायचं. पाहुण्या टीमच्या प्रेक्षकांचं दार ओक रोडवर, चक्क घरांच्या रांगेत, दोन घरांच्या मधोमध आहे. आत शिरलं की लोखंडी जिना, आणि जिना चढताना खाली लोकांची परसदारं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका परसात दोरीवर मुलांचे युनिफॉर्म वाळत होते. प्रीमियर लीगमध्ये आल्यावर या मैदानाचा एक स्टँड नव्याने बांधावा लागला आणि ते काम पुरं होईना म्हणून घरची पहिली मॅच पुढे ढकलली गेली.

२७ मे २०२३, वेम्बली, प्रीमियर लीगमध्ये जाण्यासाठीची प्लेऑफ फायनल, समोर कॉव्हेंट्री. जिंकणाऱ्या क्लबला किमान १७ कोटी पौंड मिळवून देणारी मॅच म्हणून तिचा बोलबाला होता. १-१, मग पेनल्टी, ६-५. ल्युटन ३१ वर्षांनी पहिल्या डिव्हिजनमध्ये. आणि ढकललेल्या मॅचमुळे १ सप्टेंबरला केनिलवर्थ रोडवर प्रीमियर लीगची पहिली मॅच झाली, तेव्हा समोर कोण होतं? वेस्ट हॅम. ल्युटन १-२ हरलं. पण ज्या क्लबात जागा झाली नव्हती, तोच क्लब दहा वर्षांनी ओक रोडच्या त्या घरांच्या रांगेत आला होता. ही गोष्ट मी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत सुटले होते.

त्या सीझनला मधल्या फळीत रॉस बार्कली आला, आर्सेनलकडून लोनवर लोकोंगा आला. मपान्झूच्या वाट्याला मॅचेस कमी आल्या. ल्युटन २६ गुणांवर अठरावं आलं आणि खाली गेलं. ‘तो प्रीमियर लीगच्या दर्जाचा नव्हताच,’ असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मला हे मोजमापच पटत नाही. एका वर्षाच्या कमी मॅचेस धरायच्या आणि आधीची दहा वर्षं सोडून द्यायची, हा कुठला हिशोब? शिखरावर किती वेळ थांबला एवढंच विचारायचं असेल तर खालच्या डिव्हिजनमधली हजारो माणसं, जी दर शनिवारी थंडीत, चिखलात आपली जागा राखतात, ती आपल्या लेखी नाहीतच म्हणायचं.

पुढच्या वर्षी ल्युटन आणखी एक पायरी घसरलं. २०२५च्या उन्हाळ्यात मपान्झूचं नाव जाणाऱ्यांच्या यादीत आलं. जवळजवळ बारा वर्षांनी. ती बातमी वाचून मी खूप वेळ गप्प बसले. मग कळलं, केंब्रिज युनायटेडने त्याला घेतलंय. चौथी पायरी. वय एकतीस.

बातमी दादाला पाठवली. त्याचा रात्री फोन आला. आधी घरचं विचारलं, पोरं कशी आहेत विचारलं, मग म्हणाला, “अजून मधीच खेळतोय काय गं त्यो?”

म्हटलं, “होय दादा, मधीच.”

“बरं,” म्हणाला.